करमरकरांचं सासवणे

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरी या बेटांची जोडी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली आणि मुंबईचे इंग्रज बेचैन झाले. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली. २०२५ साली खांदेरीचा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला. इकडे किनाऱ्याच्या वाळूवर मात्र बोंबील सुकत घातलेले असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा आणि ती जोडी सुकवायच्या वलांडीवर टाकायची. सराईत कोळणीचे हात हे काम गप्पांच्या नादातही बिनचूक करतात.

किल्ल्याचा दरारा आणि रोजचे कष्ट हे दोन्ही शिल्पात आणणारा माणूस याच किनाऱ्याचा. थळहून उत्तरेला, किहीम आणि आवास ओलांडून गेलं की सासवणे लागतं. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये इथे जन्मले.

घरी गणपतीच्या मूर्ती घडायच्या, त्यामुळे मातीची ओळख लहानपणीच झाली. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते पाहून ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरने त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. पुढे कलकत्ता झालं, लंडनही झालं. पण शहरांनी त्यांच्या हातातलं गाव पुसलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच, १९२८ सालचा. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला. एवढा मोठा साचा, त्यात एका दमात उतरवायचा तापलेला धातू. कुठे हवा अडकली किंवा धातू मध्येच थिजला, तर महिन्यांची मेहनत वाया! घोड्याच्या चालीतला जोर पाहिला की जनावर जवळून न्याहाळलेल्या माणसाचं हे काम आहे, हे लगेच कळतं.

त्याची खात्री सासवण्याला पटते. त्यांचं राहतं घर आज करमरकर शिल्पालय आहे. तिथली म्हैस पाहाच. गावाकडची साधी म्हैस, पण तिच्या अंगाचं वजन, कातडीखाली जाणवणारी हाडं, सगळं जागच्या जागी. गोठ्यातल्या जनावराला पुढाऱ्याच्या पुतळ्याइतकीच मेहनत मिळाली आहे. शंख फुंकणारी स्त्री, कोळी तरुणी आणि कितीतरी ओळखीचे चेहरे इथे भेटतात. एकट्या ब्राँझवर त्यांचं अडलं नाही. प्लास्टर आणि सिमेंटमध्येही त्यांनी कामं केली. ब्राँझ महाग, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी काम सांगितल्यावरच परवडणारं. शेजारपाजारच्या माणसांचे पुतळे कोण सांगणार? स्वस्त सिमेंटमुळे मनाजोगं काम करायची मोकळीक मिळते, असं ही शिल्पं पाहताना वाटतं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६७ मध्ये ते गेले. त्यांची शिल्पं एखाद्या महानगरातल्या संग्रहालयात असती, तर जास्त लोकांनी पाहिली असती, हे खरं. तरीही ती इथे आहेत हेच योग्य. ज्या वस्तीतून ही माणसं शिल्पात आली, तिथल्या शाळकरी पोरांना ती चालत जाऊन पाहता येतात. मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारे पर्यटक थेट किहीमची वाट धरतात. सासवणे त्याच पट्ट्यात आहे. तासभर हाताशी ठेवून तिथे थांबावं.