न सोडणारा ब्रेक

मराठी शिकवणाऱ्याने मोटारीच्या ब्रेकवर लिहावे, हा तुम्हांला चोंबडेपणा वाटेल. पण चिखलोलीजवळ आमच्यावर जो प्रसंग आला, त्यानंतर गप्प बसणे बरे नव्हे.

श्रावणातली सकाळ. आईचे डोळे तपासायला बदलापूरहून अंबरनाथला निघालो होतो. गाडी जड चालत होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी नेहमीसारखी घरंगळत नव्हती आणि डावीकडे ओढत होती. मी दोष रस्त्याला दिला. मागून आई म्हणाली, "अरे, काहीतरी करपतंय!" मी म्हटले, "कारखान्यांचा वास असेल." हे उत्तर आम्हां इकडच्या लोकांच्या तोंडी तयारच असते.

चिखलोलीच्या अलीकडे पुढचा टेम्पो थांबला. मी ब्रेक दाबला, तो पेडल थेट तळाला! भराभर दोनतीनदा दाबले, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. टेम्पोच्या हातभर मागे गाडी थांबली. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता.

जवळच्या गॅरेजवाल्याने प्रथम माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले, तर ती वाकते किंवा तडकते. चाक निवल्यावर त्याने मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू उचलली, ब्रेक दाबून सोडायला सांगितले. उजवे चाक मोकळे फिरले, डावे हलेना. मग त्याने डाव्या चाकाजवळचा निपल किंचित सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले!

"सर, निपल सैल करूनही चाक अडकलं असतं, तर पिस्टन किंवा पिना गंजल्या म्हणायचं. सुटलं, म्हणजे तेल आत कोंडलं होतं. चारी चाकं धरली असती, तर मास्टर सिलिंडरवर संशय. एकच धरलंय, तेव्हा त्याचा रबरी पाइप."

पाइप आतून फुगला होता. पायाच्या जोराने तेल पुढे जाई, परत मात्र येत नसे. पॅड डिस्कला घासत राहिले, उष्णतेने तेल उकळले, त्यात वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पेडल खाली गेले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावलेले तेल लवकर उकळते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. मी सहा वर्षे बदलले नव्हते.

"ब्रेक धरतो का, ते सगळे बघतात," तो म्हणाला. "सोडतो का, ते कोण बघतो?"

रेल्वे बघते. गाडी स्टेशनातून धडधडत जाताना हिरवा बावटा धरून उभा असलेला माणूस चाकांतून धूर निघतो का, हेही पाहत असतो. आपल्या गाडीला असा पहारेकरी नाही.

आमच्याकडच्या पावसात आणखी एक सांभाळावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावावा, हँडब्रेक ओढून ठेवू नये. गंजाने मागचे ब्रेक चिकटतात.

आता घरी आलो की चारी चाकांजवळ, न शिवता, हात नेऊन ऊब ताडून पाहतो. एखादे फार तापले असेल, तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजखेरीज कुठे जात नाही. आईचा एक डोळा आता नीट दिसतो. ती ओट्यावरून विचारते, "चारी सारखी आहेत ना रे?"