तिसरा गिअर आणि हमी नावाचा शब्द

माळशेज घाट उतरताना भाच्याच्या पिकअपचा तिसरा गिअर पहिल्यांदा सुटला, तेव्हा गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून तो रात्री कल्याणच्या बाजाराला निघाला होता. उतारावर त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गिअरचा दांडा आपसूक न्यूट्रलला येऊन बसला. इंजिनाची धरून ठेवणारी ओढ एकदम गेली. मागे भरल्या मालाचा रेटा आणि पायाखाली फक्त ब्रेक. त्याने कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाकाला दगड लावला. पहाटे मला फोन आला. ‘‘मामा, गाडी वॉरंटीत आहे. म्हणजे काळजी नाही ना?’’

या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायला मला वर्ष लागले. मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. पतसंस्थेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात जुने दस्त, हिशेबवह्या आणि त्यांतले शब्द यांच्या मागे लागलो. त्यामुळे भाच्याची वॉरंटीची पुस्तिकाही मी दस्तासारखीच वाचायला घेतली, आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन फुटवे. जर्मानिक मुळाचा शब्द फ्रेंचमध्ये गेला. उत्तरेच्या नॉर्मन बोलीत त्याचा ‘व’ टिकला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला आणि इंग्रजीने दोन्ही रूपे उचलली. आपल्या बाजारात दोघांनाही ‘हमी’ म्हणतात. फार तर दुकानदार सांगतो, की गॅरंटीत वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटीत दुरुस्त करून मिळते. कायद्याची पुस्तके वेगळेच सांगतात. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६मधली गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याबद्दल घेतलेली जबाबदारी, आपल्या भाषेत जामीनकी. आणि १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम १२ सौद्यातल्या वचनांचे दोन वर्ग पाडते. ‘शर्त’ मोडली तर माल नाकारता येतो. ‘वॉरंटी’ मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. ज्या शब्दावर आपण सगळा भार टाकतो, तो कायद्याने दुय्यम वचनाला दिलेला आहे!

गाडीसोबत मिळणारी वॉरंटी हा कंपनीने स्वतः लिहिलेला वेगळा करार असतो, पण वळण तेच. भाच्याच्या पुस्तिकेत वचन एवढेच होते, की साहित्यात किंवा घडणीत दोष असलेला भाग कंपनी दुरुस्त करील किंवा बदलून देईल. दोष आहे की नाही, हे कंपनी ठरवील. माल वाहून न्यायचा राहिला, हप्ता थकला, तर त्याची जबाबदारी नाही. हमी भागांची होती, गाडीची नव्हती. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली मारुती उद्योगाविरुद्धच्या एका ग्राहकाच्या खटल्यात हाच अर्थ लावला. वॉरंटीत दोषी भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही.

आता गिअर का सुटतो, ते पाहू. गिअरबॉक्समधली चाके एकमेकांत सतत अडकलेलीच असतात. दांडा हलवला की फोर्क नावाचा चिमटा एक स्लीव्ह सरकवतो आणि ती स्लीव्ह हव्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. तिने जागा सोडू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी गोळी खाचेत बसलेली असते. स्लीव्हचे दात नीट कापलेले नसतील, स्प्रिंग कमजोर असेल किंवा जुळणी तिरपी झाली असेल, तर उतारावर पाय काढताच ओढीची दिशा उलटते आणि स्लीव्ह निसटते. पण फोर्क वापरानेही झिजतो. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून गाडी चालवण्याची सवय असेल, तर लवकर झिजतो. लक्षण एकच, कारणे दोन. एक कारखान्यातले, दुसरे चालकाच्या हातातले. वॉरंटीची बहुतेक भांडणे या दोन कारणांच्या मधल्या फटीत होतात, आणि दोष सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो.

माझ्याकडे हे प्रकरण आले तोवर भाचा तीन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता. मी तिन्ही जॉबकार्डे मागवली. पहिल्यावर लिहिले होते ‘गिअर हार्ड’. दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप, गिअर ऑइल बदलले’. तिसऱ्यावर ‘ट्रायल घेतली, ओके’. ही ट्रायल रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर घेतलेली. तिथे गिअर सुटणार कसा? ‘ओव्हरलोड करता, हात गिअरवर ठेवता’ हे मात्र तोंडी सांगितले गेले. आणि प्रत्येक वेळी गाडी ताब्यात घेताना ‘कामाने समाधान झाले’ या ओळीखाली भाच्याची सही. घाटात तिसरा गिअर सहा वेळा सुटला होता, कागदावर एकदाही सुटला नव्हता.

मग मी कायदा चाळला. मालवाहू गाडी घेणारा ‘ग्राहक’ ठरतो का, इथपासून सुरुवात. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळलेली आहे. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. १९९५च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका मालट्रकचाच दाखला दिला. स्वतः चालवून उपजीविका करणारा मालक ग्राहक, वाहन सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला देणारा नव्हे. भाचा स्वतः चालवत होता, म्हणून दार उघडे होते. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क दोनशे रुपये. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

२०१९च्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, हे वाचून मला हुरूप आला. पण व्याख्यांमधल्या ‘हानी’ या शब्दापाशी थांबलो. मृत्यू, इजा, इतर मालमत्तेचे नुकसान हे सारे हानीत येते. वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा येत नाही. म्हणजे त्या रात्री गाडी भाच्यासकट दरीत गेली असती, तर हे प्रकरण आमच्या कामाला आले असते. त्याने दगड लावून गाडी वाचवली, म्हणून आले नाही. ते पान मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

अमेरिकेत अशा सदोष गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन कायदा’ केला. अशा कायद्यांचे तत्त्व मोजणीचे आहे. ठरलेल्या काळात एकाच दोषासाठी ठरावीक वेळा, बहुधा चार वेळा, दुरुस्ती होऊनही दोष राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस बंद पडून राहिली, तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. दोषाचे मूळ कुठे, हे गिऱ्हाइकाने खोदत बसायचे नाही. फेऱ्या मोजायच्या. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून फेऱ्यांची नोंद आपणच ठेवायची.

चौथ्या वेळी मी भाच्याबरोबर गेलो. तक्रार आमच्या शब्दांत लिहा, असा आग्रह धरला : ‘माल भरलेला असताना, उतारावर, पाय काढल्यावर तिसरा गिअर सुटतो. याच तक्रारीसाठी ही चौथी खेप.’ समोरचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, सिस्टिममध्ये एवढी जागा नसते.’’ मग मी छापील प्रतीवर हाताने लिहिले, सही-शिक्का घेतला आणि तोच मजकूर त्यांना ईमेलने पाठवला. ट्रायल भरल्या गाडीने घ्यायची, असे ठरवून घेतले. भाच्याने वजनकाट्याची पावती आणली. माल परवानगीच्या मर्यादेत. सेंटरचा फोरमन स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि दुसऱ्या वळणानंतर त्याच्याच हाताखाली गिअर सुटला. फोरमन भला माणूस. त्याने तसेच लिहून दिले.

नवा गिअरबॉक्स बसायला अकरा दिवस लागले. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की उत्पादनदोष आढळलेला नाही, ग्राहकाच्या समाधानासाठी सद्भावनेने भाग बदलून दिला आहे. चारही खेपा धरून गाडी अडतीस दिवस उभी राहिली होती. त्या दिवसांचे हप्ते भाच्याने बहिणीची बांगडी गहाण ठेवून भरले होते. मी आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला. भाच्याने तो वाचला, घडी घातला आणि म्हणाला, ‘‘मामा, तारखेला जायचं म्हणजे त्या दिवशी गाडी उभी. मला निकाल नको, फेरा पाहिजे.’’

मला तेव्हा राग आला. मी नोकरीतून मोकळा झालेला माणूस, मला निकाल परवडत होता. त्याचा हिशेब वेगळा होता आणि चूक नव्हता. दोन वर्षांची मुदत निघून गेली. मसुदा माझ्याकडेच आहे.

बांगडी मात्र पुढच्या टोमॅटोच्या हंगामात सुटली. गाडी अजून चालते, तिसरा गिअर जागेवर राहतो. भाचा आता गाडी सर्व्हिसिंगला नेतो, तेव्हा जॉबकार्ड वाचल्याशिवाय किल्ली हातातून सोडत नाही. बाजारातले इतर पिकअपवाले आपापली जॉबकार्डे त्याला दाखवायला आणतात, असे बहीण सांगते.