खेळ घडवण्याचे शिक्षण : हौस, हिशेब आणि विवेक

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : मुलाने पेढी सांभाळावी की आवडीच्या मार्गाने जावे? सांगलीत हळदीची अडत करणाऱ्या एका जैन कुटुंबात हा प्रश्न वेगळ्याच रूपात आला. मुलाने ‘गेम डेव्हलपमेंट’ या विषयातील चार वर्षांच्या पदवीचे माहितीपत्रक वडिलांपुढे ठेवले. त्यासाठी घरच्या पैशांखेरीज दहा लाखांचे कर्ज काढावे लागणार होते.

आजोबांची पहिली शंका धर्माची होती. सप्त व्यसनांत द्यूत आलेच. मग खेळाचा धंदा श्रावकाने करावा काय? नातवाने शांतपणे सांगितले, “आजोबा, पैसे लावून खेळायचे खेळ मला करायचेच नाहीत.” ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर बंदीच घातली आहे, ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळांना मात्र मान्यता दिली आहे. आजोबांनाही खेळाचे वावडे नव्हते. पुण्याच्या शिड्या, पापाचे साप आणि सर्वांत वर सिद्धशिला असा ‘ज्ञानबाजी’चा पट आपल्या पूर्वजांनीच रचला, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा खरा प्रश्न पुढे होता : “बाळ, पडद्यावर माणसे मारण्याचा खेळ मालकाने करायला सांगितला, तर तू नाही म्हणू शकशील?” द्रव्यहिंसा नसली, तरी भावहिंसेचे काय? याचे उत्तर मुलापाशी नव्हते.

वडिलांनी वही उघडली. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाची वर्षे आणि साधारणतः त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढतच राहते. दरवर्षाच्या आरंभी अडीच लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर सरळव्याजानेही पाचव्या वर्षाअखेर साडेतेरा लाखांचे देणे होते. ते दहा वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता १७,८०० रुपयांच्या आसपास बसतो. असा हप्ता मानेवर असणारा तरुण मिळेल ते काम घेतो. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यातच होते : कर्ज जितके मोठे, तितके नकाराचे स्वातंत्र्य लहान.

शिवाय या उद्योगाची भरती-ओहोटी मोठी. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातील १,९०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागाने सुमारे ९०० जणांच्या कपातीची घोषणा केली. दुसरी बाजूही आहे. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील ‘राजी’ हा खेळ पुण्याच्या एका छोट्या चमूने घडवला आणि २०२० मध्ये तो जगभर पोहोचला. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीजीवनावरील खेळ सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. त्यांची पदवी मात्र संगणकशास्त्राची होती.

खेळ घडवणे हे एकच काम नव्हे. त्यात प्रोग्रॅमिंग, चित्र, ध्वनी, नियमरचना आणि चाचणी अशी निरनिराळी कामे असतात. यांपैकी आपल्याला कोणते जमते, हे कळण्यापूर्वी खास पदवी घेणे म्हणजे नमुना न पाहता माल भरण्यासारखे आहे. पदवी घ्यायचीच असेल, तर संस्थेला काही प्रश्न विचारावेत. मागील तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात? त्यांनी पूर्ण केलेले खेळ पाहता येतील काय? शिकवणाऱ्यांनी स्वतः खेळ प्रसिद्ध केले आहेत काय? गणित आणि संगणकशास्त्राचा पाया किती पक्का होतो? उत्तरे समाधानकारक असतील, तर असे शिक्षण जरूर घ्यावे.

या मुलाने दूरध्वनी करून हे प्रश्न विचारले. पहिल्या दोन्ही प्रश्नांवर त्याला माहितीपत्रकच पुन्हा पाठवण्यात आले. त्याचा चेहरा उतरला. पण निर्णय त्याचा त्यानेच घेतला. जवळच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राची पदवी घ्यायची आणि सोबत खेळ घडवायचा. त्यासाठी लागणारी गोडो आणि ब्लेंडर ही साधने विनामूल्य मिळतात. पुढे एनआयडीसारख्या संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट खुली राहतेच.

वडिलांनी त्याला चांगला संगणक घेऊन दिला आणि दिवाळीपर्यंत पेढीवर बसण्यातून मोकळे केले. आजोबांनी दोनच अटी घातल्या : हाती घेतलेला खेळ पूर्ण व्हावा आणि तो घरातील लहान मुलांपुढे निःसंकोच ठेवता यावा. खेळ कोणता, हे ठरवण्याचा अधिकार नातवाचा.