हंगामी पास: खुर्ची कुणाची, सामने कुठले?

मनामाहून पश्चिमेला निघालेला बुदैया रस्ता जिथं समुद्राला भिडतो, तिथं बुदैया हे गाव. गावाला स्वतःचा फुटबॉल क्लब आहे. बहरीनच्या लीगमध्ये कधी वरच्या श्रेणीत, कधी खालच्या. समजा, अशा क्लबानं समर्थकांसाठी हंगामी पास काढायचं ठरवलं. मग तो कसा असावा?

हंगामी पास म्हणजे घरच्या सगळ्या सामन्यांचे पैसे आगाऊ भरणं. क्लबाच्या हातात हंगामाआधीच रोकड येते, समर्थकाला सवलत आणि ठरलेली जागा मिळते. बारा संघांची लीग, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे २२ सामने. त्यातले ११ घरचे. तिकीट एक दिनार धरलं आणि पास आठ दिनारांना ठेवला, तर आठव्या सामन्याला पैसे वसूल होतात. पुढचे तीन फुकट.

कागदावर हे झकास दिसतं. पण लोकलच्या तिमाही पासासारखंच आहे हे: रोज जाणाऱ्याला परवडतं, अधूनमधून जाणाऱ्याला अंगावर पडतं. आखातात अनेकांची कामं पाळ्यांची, कित्येकांना हक्काची सुट्टी फक्त शुक्रवारी. सामना मंगळवारी रात्री असला की पास खिशात आणि खुर्ची रिकामी. यात क्लबाचाही तोटा आहे. पैसे आले, पण माणूस आला नाही. चहा-पाणी विकलं गेलं नाही, आवाजही कमी पडला.

यावर बड्या क्लबांनी काढलेला उपाय नीट पाहण्यासारखा आहे. जाता येणार नसेल तर पासधारक सामन्याआधी ॲपवर आपली जागा ‘सोडतो’. त्याच क्षणी त्या सामन्यापुरता त्याचा क्यूआर कोड बाद होतो. जागा विकली गेली की नव्या माणसाच्या नावानं नवा कोड निघतो आणि मूळ मालकाच्या खात्यात त्या सामन्याच्या हिश्शाची रक्कम जमा होते. किंमत क्लबच ठरवतो, त्यामुळे काळ्या बाजाराला वाव राहत नाही. कोड दर काही सेकंदांनी बदलणारा ठेवला तर स्क्रीनशॉट मित्राला पाठवून दोघांनी आत घुसण्याची युक्तीही बंद पडते. माझ्या मते पासातली सगळ्यात कामाची सुधारणा हीच. रंगीत स्कार्फ आणि खेळाडूंसोबतचे फोटो नंतर.

बुदैयाची खरी अडचण मात्र वेगळीच. बहरीनमध्ये बरेच सामने सामायिक मैदानांवर होतात: मुहर्रक, ईसा टाउनची खलिफा स्पोर्ट्स सिटी, रिफातलं राष्ट्रीय स्टेडियम. ‘घरचा सामना’ हा पुष्कळदा वेळापत्रकातला शब्द असतो. मग खुर्चीचा नंबर कशाला बांधायचा? अशा ठिकाणी पास खुर्चीचा नसावा, प्रवेशांचा असावा: वर्षभरात दहा प्रवेश, सामना कुठलाही, एकाच दिवशी चौघांना नेलं तरी चालेल. जर्मनीत अनेक क्लबांच्या तिकिटात बस-ट्रामचा प्रवास धरलेला असतो. इथं गावातून सुटणारी एक बस पासात धरली तरी पुष्कळ.

आणि हंगामच झाला नाही तर? हा प्रश्न आपल्याकडच्यांना नवा नाही. करोनामुळे इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे हंगाम गोव्यात, जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांवर खेळले गेले. मुंबई सिटीनं २०२०-२१चं विजेतेपद मिळवलं ते फातोर्ड्याला, अंधेरीच्या प्रेक्षकांविना. पुढे २०२५च्या जुलैमध्ये आयोजक आणि महासंघ यांच्यातला करार संपत आल्यानं नवा हंगामच लांबणीवर पडला. पासाच्या अटींत ‘सामना रद्द, पुढे ढकलला किंवा प्रेक्षकांविना झाला तर रक्कम किती दिवसांत परत’ हे स्पष्ट लिहिलेलं असायलाच हवं. ‘क्लबाचा निर्णय अंतिम’ हे वाक्य त्याची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा पास घेण्याआधी, तो अंधेरीचा असो, मडगावचा असो की बुदैयाचा, क्लबाला तीन गोष्टी विचारा: न गेलेल्या सामन्याचं काय होईल, मैदान बदललं तर काय, आणि पैसे परत कधी मिळतील. उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर सुटी तिकिटं काढा.