चहा, सूत आणि स्वातंत्र्य

महागाई वाढली की घरात पहिली कात्री कशाला लावायची, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. तेल किती आणायचं, साखर कुठून घ्यायची, यंदा नवी साडी घ्यायची की आहे त्यातच भागवायचं, सगळे हिशेब तिच्या बोटांवर असतात. पण अशाच हिशेबी बायकांनी एकदा एका बलाढ्य साम्राज्याला घाम फोडला होता, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही. ही गोष्ट अमेरिकेतली, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीची.

‘बोस्टन टी पार्टी’ आपण शाळेत पाठ केलेली असते. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, संपलं दोन मार्कांचं उत्तर! पण लोक एवढे का चिडले होते, आणि त्याच्या कितीतरी आधी घराघरांतून चहाला रजा कोणी दिली होती, हे त्या दोन मार्कांत मावत नव्हतं.

भांडण कशाचं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. तिथले बहुतेक गोरे रहिवासी स्वतःला इंग्लंडच्या राजाची प्रजाच मानत. १७६३ मध्ये फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध इंग्लंडने जिंकलं खरं, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. मग वसाहतींनीही खर्चाचा वाटा उचलावा, असं लंडनच्या पार्लमेंटने ठरवलं. १७६५ मध्ये स्टॅम्पचा कायदा आला. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा कर!

लोकांचा राग रकमेवर नव्हता. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, तिने आमच्या खिशात हात का घालावा, असा त्यांचा सवाल होता. पगार आपला, पण तो कुठे खर्च करायचा हे ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही, असं झालं की कसं वाटतं, ते नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

एवढा आरडाओरडा झाला की १७६६ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. पण पुढच्याच वर्षी काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांवर जकात बसली. व्यापाऱ्यांनी ठरवलं, इंग्लंडचा माल मागवायचाच नाही. ठराव पुरुषांनी केला खरा, पण तो पाळायचा कोणी? ज्या घरात सकाळ-संध्याकाळ चहा लागतो आणि अंगावरचं कापड इंग्लंडहून येतं, तिथे बहिष्कार टिकणार की नाही, हे शेवटी घरच्या बाईवरच होतं.

चरखे फिरू लागले

बायकांनी ते मनावर घेतलं. गावातल्या बायका-मुली आपापले चरखे घेऊन पाद्र्याच्या घरी जमायच्या आणि दिवसभर सूत कातायच्या. गावकरी बघायला यायचे, वर्तमानपत्रांत बातम्या छापून यायच्या. घरी विणलेलं जाडंभरडं कापड अभिमानाने मिरवण्याची गोष्ट झाली. १७७० मध्ये बोस्टनच्या तीनशेहून अधिक गृहिणींनी चहा न पिण्याच्या निर्धारावर सह्या केल्या. त्याऐवजी पुदिना, रासबेरीची पानं असं काहीबाही उकळून प्यायचं. चव कशी असेल, ती कल्पनाच केलेली बरी!

त्याच वर्षी बाकीची जकात उठली, पण चहावरची तेवढी ठेवली. कर बसवण्याचा हक्क आमचाच, हे दाखवायला.

आता इथे आपल्या ओळखीची एक कंपनी येते, ईस्ट इंडिया कंपनी. एकीकडे बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती, दुसरीकडे कंपनी कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. (हा चहा चीनचा बरं का, आसामचा चहा पुढच्या शतकातला.) कंपनीला वाचवण्यासाठी १७७३ मध्ये पार्लमेंटने तिला थेट अमेरिकेत चहा विकायची सवलत दिली. गंमत अशी, की जकात धरूनही हा चहा आधीपेक्षा स्वस्त पडणार होता!

स्वस्त वस्तू दारात आली तर कोण नाही म्हणेल? पण लोकांनी त्यातली मेख ओळखली. हा चहा घेतला, म्हणजे तो करही कबूल केला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या.

सरकार संतापलं. १७७४ मध्ये बोस्टनचं बंदर बंद झालं आणि मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा कारभाराचा अधिकार आवळला गेला. एका गावाला शिक्षा झाली आणि बाकीच्या वसाहती तिच्या मागे उभ्या राहिल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅरोलिनातल्या ईडन्टन या छोट्या गावात ५१ बायकांनी बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या कागदावर सह्या केल्या. त्यात पेनेलोपी बार्कर यांचा पुढाकार होता असं मानतात. सह्या नाव लपवून नव्हत्या हं, चांगल्या उघड! लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्रही निघालं. बाईने राजकारणावर बोलावं, हेच मुळी हसण्यासारखं वाटत होतं.

पैसे नकोत, सदरे द्या!

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्ड इथे गोळ्या झडल्या आणि कुरबुरीचं युद्ध झालं. ४ जुलै १७७६ ला वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं. पुरुष लढाईला गेले. मागे शेती, दुकान, मुलंबाळं आणि आजारपणं बायकांनी सांभाळली.

१७८० मध्ये फिलाडेल्फियाच्या एस्थर रीड यांनी सैनिकांसाठी वर्गणी गोळा करायचं ठरवलं. या बाईंचा जन्म लंडनचा! बायका दारोदार फिरल्या आणि कागदी चलनात तीन लाख डॉलरहून अधिक जमले. युद्धामुळे त्या चलनाची किंमत पार घसरली होती, ते वेगळं. प्रत्येक सैनिकाच्या हातात रोख नाणी द्यावीत, असं एस्थर यांचं म्हणणं. सेनापती वॉशिंग्टन म्हणाले, पैसे नकोत, सदरे द्या. शेवटी बायकांनी कापड आणून सदरे शिवले. एस्थर यांचं त्याच वर्षी निधन झालं. काम पुढे नेलं बेंजामिन फ्रँकलिन यांची मुलगी सारा यांनी. दोन हजारांवर सदरे तयार झाले आणि प्रत्येकावर शिवणारणीचं नाव होतं.

१७८१ मध्ये यॉर्कटाउन इथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली आणि १७८३ च्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. आणि अमेरिकेत युद्ध चालू असतानाच इकडे १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना नमवलं होतं, हेही लक्षात असू द्या.

तिच्या पदरात काय पडलं?

अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स ही बोस्टनजवळ शेती सांभाळणारी बाई. नवरा जॉन अ‍ॅडम्स फिलाडेल्फियात, देशाचं भवितव्य ठरवणाऱ्यांत. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात तिने त्याला बजावलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांचा विचार करा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. नाहीतर ज्या कायद्यांत आमचा आवाज नाही, ते आम्हीही मानणार नाही. बघा, राजाला जो सवाल केला होता, तोच तिने नवऱ्याला केला! जॉनने तो हसण्यावारी नेला.

लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याचीच राहिली. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या एकट्या बायकांना मत देता येत होतं, तेही १८०७ मध्ये काढून घेतलं. देशभर बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांची अडवणूक त्यानंतरही १९६५ च्या कायद्यापर्यंत चालूच राहिली.

त्यांच्या पूर्वजांपैकी बहुतेकांसाठी तर ते स्वातंत्र्य आलंच नव्हतं. पण मॅसॅच्युसेट्समधली बेट नावाची एक गुलाम बाई गप्प बसली नाही. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं नवी राज्यघटना म्हणते, मग मी गुलाम कशी, म्हणून ती कोर्टात गेली आणि १७८१ मध्ये खटला जिंकली. पुढे तिने स्वतःचं नाव घेतलं, एलिझाबेथ फ्रीमन.

आपल्याकडे राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना मताचा हक्क एकदमच दिला. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी सही बाईंची आणि कारभार घरच्यांचा, असं अजून कितीतरी ठिकाणी दिसतं. म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी सहीसाठी कागद समोर आला, तर आधी तो नीट वाचून काढा. आणि पटला नाही, तर ‘का?’ असं विचारा. सगळं तिथूनच सुरू होतं.