विश्लेषण : लॉन विरळ का होते? काळ्या मातीत ‘एरेशन’ आणि फेरपेरणी कशी करावी?

लग्नसराई संपली, मंडपाचे खांब निघाले, की अहिल्यानगर-मनमाड रस्त्यावरच्या ‘लॉन्स’ची खरी अवस्था दिसू लागते. स्टेजसमोरचा पट्टा उघडा, जेवणाच्या टेबलांकडे जाणारी वाट टणक आणि बाकी ठिकाणी गवताच्या विखुरलेल्या झुबक्या. राहुरी परिसरातील बंगल्यांपुढच्या छोट्या हिरवळीचीही थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा असते. मग पाणी वाढवले जाते, युरिया फेकला जाता आणि तरीही फरक पडला नाही तर नर्सरीतून गवताचे नवे तुकडे आणून अंथरले जातात. पुढच्या उन्हाळ्यात टक्कल त्याच जागी पुन्हा पडते, कारण बिघाड गवतात नसून त्याखालच्या मातीत असतो.

खुर्चीचा दाब ट्रॅक्टरपेक्षा जास्त?

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दाबल्या गेल्या, की हवा आत जात नाही, पाणी वरच्यावर वाहून जाते आणि मुळे उथळ राहतात. हा दाब किती असतो, ते साध्या गणिताने कळते. ७० किलो वजनाची व्यक्ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि खुर्चीच्या प्रत्येक पायाचे टोक साधारण ७ चौरस सेंटिमीटर धरले, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो भार येतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधील हवेचा दाब बहुधा १ ते दीड किलोच्या आसपास असतो आणि जमिनीवरचा दाबही साधारण तेवढाच भरतो. ट्रॅक्टरचा भार खोलवर पोहोचतो, खुर्चीचा वरच्या काही सेंटिमीटरपुरताच राहतो, हे खरे. पण लॉनच्या बहुतांश मुळांचा संसार त्या थरातच असतो.

राहुरीच्या काळ्या मातीची आणखी एक गंमत आहे. कोरडवाहू शेतात ही माती उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात, वरचा भुगा भेगांत पडतो आणि पावसाळ्यात माती पुन्हा फुगते. जमीन स्वतःच स्वतःची मशागत करत असते. लॉनला मात्र रोज पाणी मिळते, त्यामुळे भेगा पडतच नाहीत. म्हणजे तुडवण सर्वाधिक आणि नैसर्गिक मशागत शून्य. त्यातच ‘हिरवेगार दिसावे’ म्हणून समारंभाच्या आदल्या रात्री भरपूर पाणी सोडले जाते. ओली काळी माती कोरडीपेक्षा कितीतरी सहज दबते. हे एक पाणी बंद केले तरी बरेच नुकसान टळेल.

छिद्रे पाडायची, पण कशी?

उसाच्या शेतात खालचा टणक थर फोडायला सबसॉयलर चालवतात. लॉनमध्ये तेच काम छोट्या प्रमाणात करायचे असते. त्यालाच ‘एरेशन’ म्हणतात. खिळ्यांचा रूळ किंवा खिळ्यांच्या चपला यांचा चिकण मातीत फारसा उपयोग नाही. खिळा माती बाहेर काढत नाही, ती बाजूला दाबतो. त्यामुळे छिद्राभोवती आणखी टणक भिंत तयार होते. माती उचलून बाहेर टाकणारी पोकळ नळी हवी. नळीचा व्यास दीड ते दोन सेंटिमीटर, खोली ७ ते १० सेंटिमीटर आणि दोन छिद्रांतील अंतर १० ते १५ सेंटिमीटर असावे.

एका गुंठ्यात १० सेंटिमीटरवर छिद्रे घेतली, तर ती सुमारे १० हजार होतात. मोठ्या लॉनला यंत्राशिवाय पर्याय नाही. घरच्या हिरवळीत मात्र फक्त उघड्या पट्ट्यांपुरते काम करता येते. फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी पाइपाला तिरका काप देऊन आडवी मूठ जोडून घेतली तरी भागते. दोन सेंटिमीटरची छिद्रे १० सेंटिमीटरवर पाडली, तरी एका फेरीत पृष्ठभागाचा जेमतेम ३ टक्के भागच मोकळा होतो. त्यामुळे एकदाच करून चमत्काराची वाट पाहू नये. पहिल्या वर्षी दोन फेऱ्या लागतात.

हे काम वाफशावरच करायचे. मूठभर माती दाबल्यावर गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटला, तर वाफसा आहे. त्याआधी नळी घातली तर छिद्राच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. उशीर झाला तर नळी आतच जात नाही. बाहेर आलेल्या मातीच्या कांड्या एक-दोन दिवस वाळू द्याव्यात आणि दाताळ्याने फोडून तिथेच पसराव्यात.

बी कोणते टाकायचे?

परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास रायग्रासचे बी दाखवतात. विम्बल्डनची कोर्ट २००१ पासून संपूर्ण पेरेनियल रायग्रासची आहेत आणि स्पर्धेनंतर दरवर्षी ती नव्याने पेरली जातात. पण ते थंड हवेचे गवत आहे. राहुरीत ते हिवाळ्यात छान दिसेल आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात संपेल.

इथे टिकाऊ पर्याय हरळीचाच आहे. ज्या गवताला शेतकरी वर्षानुवर्षे खणून काढतो आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, तेच बाजारात ‘बर्म्युडा’ या नावाने विकले जाते. त्याला दिवसाचे किमान सहा-सात तास ऊन लागते. झाडाच्या दाट सावलीतले टक्कल बी टाकून भरत नाही, तिथे फांद्या विरळ कराव्यात किंवा फरशी घालावी. हरळीचे बी अतिशय बारीक असते, सोललेल्या बियांचे एका ग्रॅममध्ये सुमारे ४ हजार दाणे भरतात. फेरपेरणीला गुंठ्याला साधारण अर्धा किलो बी पुरते.

‘बी छिद्रांत पडले की उगवते’ हा सल्ला मोठ्या दाण्याच्या गवताला लागू असेल, हरळीला नाही. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला हरळीचा दाणा वर येणे अवघड असते. म्हणून आधी छिद्रे जाड वाळू आणि चाळलेल्या कंपोस्टने भरावीत, क्रशरची बारीक भुकटी वापरू नये. त्यानंतर बी वाळूत मिसळून आडवे-उभे फेकावे आणि वरून कंपोस्टचा पातळ थर द्यावा. आधीचे गवत संकरित बर्म्युडा असेल, तर त्याचे बी मिळत नाही. ‘मेक्सिकन’ वा ‘कोरियन’ नावाने मिळणारे गवतही इथे सहसा ठोंब लावूनच वाढवतात. अशा ठिकाणी त्याच लॉनमधले निरोगी ठोंब टोकणे बरे. बियाण्याची हरळी मिसळली तर हिरवळ ठिगळे लावल्यासारखी दिसते.

पांढरे डाग दिसत असतील तर?

मग छिद्रे आणि बी दोन्ही थांबवून आधी माती परीक्षण करावे. मुळा धरणाच्या लाभक्षेत्रात क्षारपड-चोपण जमिनीचा प्रश्न जुना आहे. बोअरच्या खारट पाण्याने लॉनमध्येही क्षार साचतात. सोडियम जास्त असेल तर मातीचे कण विखुरतात आणि पाडलेली छिद्रे पुन्हा बुजतात. परीक्षणात चोपणपणा निघाला तर जिप्समची मात्रा अहवालानुसार ठरवावी आणि छिद्रे पाडल्यावर टाकावी, म्हणजे ते खोलवर जाते. हरळी क्षार बऱ्यापैकी सहन करते, ही जमेची बाजू.

वेळ कोणती?

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नांचे मुहूर्त जवळजवळ नसतात आणि हरळीच्या वाढीचाही हाच काळ. राहुरी पर्जन्यछायेत असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप मिळते. त्या उघडिपीत वाफसा साधावा. बी एक ते तीन आठवड्यांत उगवते. तोवर दिवसातून दोनदा हलका फवारा पुरतो, पाट सोडल्यासारखे पाणी दिले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. गवत पाच-सहा सेंटिमीटर झाले की पहिली कापणी करावी, तीही वरचा एक तृतीयांश भागच. जुलैअखेर पेरलेल्या पट्ट्याला तुळशीच्या लग्नापर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ मिळतो. तोवर त्यावर खुर्ची ठेवू नये आणि हंगाम सुरू झाल्यावर स्टेजची जागा आलटून पालटून ठेवावी.