मीठ, सोडा, नवसागर आणि सेरेस

नागालँडमधले सुमी नागा लोक सुगी आटोपली की अहुना नावाचा सण करतात. नव्या तांदळाचा भात बांबूच्या नळीत शिजतो आणि त्यावर पंगत झडते. या सणाचे नाव लाभलेला एक डोंगर मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, सूर्यापासून सरासरी ४१ कोटी किलोमीटरवर, सेरेस या बटुग्रहावर उभा आहे. त्याचे नाव अहुना मॉन्स. सेरेसचा व्यास जेमतेम ९४० किलोमीटर, आणि डोंगर मात्र चार किलोमीटर उंच. आजूबाजूला दुसरा डोंगर नाही, रांग नाही. सपाट माळावर कुणी आणून ठेवावा तसा तो एकटाच आहे. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी, म्हणून तिथल्या विवरांना शेतीच्या देवदेवतांची आणि इतर भूरूपांना सुगीच्या सणांची नावे द्यायची असा शिरस्ता आहे. विवरांच्या एका माळेला पोंगलचे नाव मिळाले आहे. बैलपोळ्याचा अर्जही कुणीतरी करायला हरकत नाही.

बटुग्रह म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती प्लुटोची. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मतदान घेतले, प्लुटोचे ग्रहपद गेले, आणि पाठ्यपुस्तकातल्या नऊ ग्रहांवर वाढलेल्या पिढ्या हळहळल्या. ही हळहळ मला कधीच फारशी कळली नाही. ग्रहपद गमावणारा प्लुटो पहिला नव्हे. सेरेसने ते दीडशे वर्षे आधी गमावले होते आणि तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. आज ज्या पाच बटुग्रहांना संघटनेची मान्यता आहे, त्या सेरेस, प्लुटो, एरिस, हौमेया आणि माकेमाके यांपैकी आपल्याला सर्वांत जवळून ठाऊक आहे तो सेरेसच. त्याचे कारण सोपे आहे. बाकीच्यांपैकी एकट्या प्लुटोजवळून यान गेले. सेरेसपाशी दुसरे एक यान मुक्कामाला राहिले.

सेरेसच्या शोधाची कथा पलेर्मोची आहे. सिसिलीतल्या या शहरात राजवाड्याच्या गच्चीवर वेधशाळा होती आणि तिथे ज्युसेप्पे पियाझ्झी हा थिएटाइन पंथाचा धर्मगुरू ताऱ्यांची सूची करत होता. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने घडवलेले पाच फुटी वर्तुळाकार यंत्र हे त्याचे वैभव. त्याची पद्धत चिकाटीची होती. प्रत्येक ताऱ्याचे स्थान एकदा मोजून तो थांबत नसे, निरनिराळ्या रात्री पुन्हा पुन्हा मोजून पडताळत असे. १ जानेवारी १८०१ च्या रात्री त्याने वृषभ राशीत एक अंधूक तारा टिपला. दुसऱ्या रात्री मोजायला गेला तर तो तारा थोडा सरकलेला. तिसऱ्या रात्री आणखी सरकलेला. एकदाच मोजून पुढे जाणाऱ्याच्या हाती हा शोध लागलाच नसता.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक ग्रह असला पाहिजे, असे तेव्हा युरोपातले खगोलशास्त्रज्ञ धरून चालले होते. सूर्यापासूनच्या अंतरांचा बोडेचा म्हणून ओळखला जाणारा आकडेमोडीचा ठोकताळा तसे सांगत होता. १८०० मध्ये लिलिएनथाल इथे जमलेल्या मंडळींनी राशिचक्राचे चोवीस भाग पाडून चोवीस निरीक्षकांवर ते सोपवायचे ठरवलेही. पियाझ्झीचे नाव त्या यादीत होते, पण निमंत्रण त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच त्याला सेरेस दिसला. (तो ठोकताळा पुढे १८४६ मध्ये नेपच्यूनने मोडीत काढला. चुकीच्या नियमाने बरोबर जागा दाखवली, असे विज्ञानात अधूनमधून होते.) पियाझ्झीने बाहेर सांगताना धूमकेतू म्हटले; मित्राला, मिलानच्या ओरियानीला, लिहिताना मात्र ही चीज धूमकेतूपेक्षा बरी असावी असा अंदाज कळवला. फेब्रुवारीत तो आजारी पडला. ११ फेब्रुवारीनंतर वेध थांबले, आणि थोड्याच काळात सेरेस सूर्याच्या प्रकाशात बुडाला.

आता पंचाईत झाली. कक्षेचा एवढासा तुकडा हाती, आणि त्यावरून काही महिन्यांनी तो आकाशात नेमका कुठे उगवेल हे सांगायचे. चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसने हे गणित अंगावर घेतले आणि सोडवले. त्याने दाखवलेल्या जागेच्या आसपास फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञाने ३१ डिसेंबर १८०१ रोजी सेरेस पुन्हा पकडला. दुसऱ्याच रात्री, म्हणजे शोधाला बरोबर वर्ष झाले तेव्हा, ओल्बर्सनेही पकडला. अपुऱ्या निरीक्षणांवरून कक्षा काढायची गाउसची रीत १८०९ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि खगोलगणिताचा पाया म्हणून ती टिकली.

सेरेसच्या कौतुकाची लाट रसायनशास्त्रापर्यंत पोचली. १८०३ मध्ये एका नव्या मूलद्रव्याला त्याच्यावरून सेरियम हे नाव मिळाले. हे नाव कुणाला परके वाटेल, पण वस्तू नाही. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीतली ती पांढरी जाळी, म्हणजे मँटल, थोरियमच्या ऑक्साइडची असे आणि त्यात सुमारे एक टक्का सेरियमचे ऑक्साइड असे. तो झगझगीत पांढरा उजेड त्या एका टक्क्याची करामत. एका बटुग्रहाचे नाव आपल्या वराती दशकानुदशके मिरवत होत्या आणि त्याची खबर ना नवरदेवाला होती ना बत्तीवाल्याला.

पण कौतुक टिकले नाही. १८०२ मध्ये पॅलस सापडला, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये वेस्टा. विल्यम हर्शेलने १८०२ मध्येच या मंडळींना ग्रहांपासून वेगळे काढणारा शब्द सुचवला होता. १८४५ नंतर तर रांगच लागली. ग्रहांची यादी फुगत चालली तेव्हा सेरेसला निमूटपणे लघुग्रहांत ढकलण्यात आले. त्याच्या मागे क्रमांक १ लागला, तेवढाच काय तो मान. २००६ मध्ये प्रागच्या अधिवेशनात पहिला मसुदा आला तेव्हा त्यात ग्रह बारा होते आणि सेरेस त्यांत होता. आठ दिवसांनी मतदान झाले, तोवर मसुदा पालटला होता. सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झाला आहे, पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही, तो बटुग्रह, असे ठरले. सेरेसला बढती मिळाली आणि प्लुटोची पदावनती झाली, पण वर्तमानपत्रांना बातमी दिसली ती एकच.

सेरेसकडे जायच्या डॉन या यानाचाही त्याच वर्षी बळी जाणार होता. मार्च २००६ च्या सुरुवातीला नासाने ही मोहीम रद्द केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फेरविचार करून पुन्हा जिवंत केली. २७ सप्टेंबर २००७ रोजी यान उडाले. आधी वेस्टाभोवती चौदा महिने, मग तिथून निघून सेरेसभोवती मुक्काम, असा बेत होता. पृथ्वी सोडून दोन निरनिराळ्या खगोलांभोवती कक्षेत फिरलेले हे पहिलेच यान. साध्या रासायनिक इंजिनाला एवढे इंधन नेता आले नसते. डॉनकडे आयन इंजिने होती. झेनॉन वायूच्या अणूंवर विद्युतभार चढवायचा आणि त्यांना विद्युतक्षेत्रातून प्रचंड वेगाने मागे फेकायचे. रेटा किती, तर तळहातावर कागदाचा एक ताव ठेवल्यावर जाणवेल तेवढा. थांबलेल्या स्थितीतून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला या इंजिनाला चार दिवस लागले असते. पण झेनॉन लागे दिवसाला पाव किलोहून थोडा जास्त, आणि इंजिन महिनोन् महिने चालू ठेवता येई. साऱ्या मोहिमेत मिळून ते सुमारे ५.९ वर्षे चालले. हा संथ रेटा हाच मोहिमेचा प्राण होता.

अडचणीही आल्या. यानाची दिशा सांभाळणारी फिरकी-चाके चार. त्यातली दोन सेरेसला पोचण्याआधीच निकामी झाली. मग हायड्राझीनच्या छोट्या फवाऱ्यांवर भागवायचे ठरले आणि थेंब थेंब वाचवणे आले. सप्टेंबर २०१४ मध्ये अंतराळातल्या एका अतिवेगवान कणाने यानातली यंत्रणा बिघडवली आणि इंजिन चार दिवस बंद पडले. रासायनिक इंजिनाच्या मोहिमेत ऐन वेळी असे झाले असते तर सारेच मुसळ केरात. इथे मार्ग नव्याने आखला आणि नियोजित कक्षा गाठायला महिनाभर उशीर झाला, इतकेच.

६ मार्च २०१५ रोजी, आपल्याकडे धुळवड होती त्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर सेरेसच्या गुरुत्वाने यानाला धरले. सुमारे ६१,००० किलोमीटर उंचीवर. स्फोट नाही, इंजिनाचा धडाका नाही, काळजाचा ठोका चुकवणारी मिनिटे नाहीत. यान आदल्या दिवशी जे करत होते तेच करत राहिले. पृथ्वीवर खबर आली तासाभराने.

तोवर जगाचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे लागले होते. फेब्रुवारीतल्या छायाचित्रांत एका विवराच्या आत दोन लखलखीत ठिपके दिसत होते. बाकीचा सेरेस डांबरी रस्त्यासारखा काळा. बर्फ असेल, ज्वालामुखी असेल, मीठ असेल. पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने लोकांचा कौलच घेतला. परग्रहवासीयांचे दिवे म्हणणारेही निघाले, ते असायचेच. विवराला ऑकेटर हे नाव मिळाले. ते ९२ किलोमीटर रुंद आहे. यान खाली खाली उतरत गेले तसे ठिपक्यांचे डाग झाले, डागांना कडा आल्या, मध्ये उंचवटा आणि भेगा दिसल्या. यानावरच्या इटलीच्या वर्णपटमापकाने उत्तर दिले. २०१६ मध्ये जाहीर झाले की ते डाग मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे आहेत. आपला धुण्याचा सोडा. त्याच्या जोडीला अमोनियमचे क्षार, त्यांत अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागर. पुढे पाणी धरून असलेले साधे मीठही सापडले.

या शेवटच्या गोष्टीने सगळे चित्र पालटले. सेरेसला हवा नाही. उघड्यावर पडलेल्या अशा ओल्या मिठातले पाणी तिथे फार काळ टिकत नाही. ते अजून आहे, म्हणजे मीठ नुकतेच वर आले आहे, कदाचित अजूनही येते आहे. मोहिमेच्या अखेरीस यान ऑकेटरवरून अवघ्या ३५ किलोमीटर उंचीने गेले. त्या फेऱ्यांतून गुरुत्वाची जी बारीक मापे मिळाली, ती घेऊन ऑगस्ट २०२० मध्ये शोधनिबंधांचा संच आला. विवराखाली सुमारे ४० किलोमीटर खोलीवर खाऱ्या पाण्याचा, शेकडो किलोमीटर पसरलेला साठा आहे, असा त्याचा निष्कर्ष. विवर पडले दोनेक कोटी वर्षांपूर्वी. पण त्यातले उजळ मीठ त्याहून बरेच तरुण आहे. आघाताने जमीन फुटली, आणि त्या भेगांतून खालचे खारे पाणी वर येत राहिले.

अहुना मॉन्सही याच कुळीचा. खारे पाणी आणि चिखल यांचा दाट रस जमिनीखालून वर आला, थंडीने थिजला आणि त्याचा डोंगर झाला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. लाव्ह्याच्या जागी चिखल. गुरू-शनीच्या काही चंद्रांच्या पोटात समुद्र आहेत, पण त्यांना त्यांचा ग्रह सतत ओढून-ताणून ऊब देतो. सेरेसला तशी ऊब देणारे कुणी नाही. एकटा, लहान आणि साडेचार अब्ज वर्षांचा गोळा आतून कधीच गोठून जायला हवा होता. तो पूर्ण गोठला नाही, याचे श्रेय क्षारांना द्यावे लागते. खारट पाणी गोठायला जास्त थंडी लागते.

आणखी एक कोडे त्याच्या मातीत आहे. तिच्यात सर्वत्र अमोनिया मिसळलेल्या चिकणमातीची खनिजे आहेत. अमोनियाचा बर्फ टिकतो तो सूर्यापासून बराच दूर. मग सेरेस मुळात पलीकडे जन्मून आत सरकला, की पलीकडचे खडे-माती आत येऊन त्यावर पडली? दोन्ही मतांचे लोक आहेत. पहिले खरे असेल तर सेरेस हा प्लुटोच्या भाऊबंदांतला, आपल्या दारात येऊन राहिलेला. एर्नुटेट विवराजवळ २०१७ मध्ये कार्बनी सेंद्रिय द्रव्ये सापडली. पाणी, क्षार, सेंद्रिय द्रव्ये, थोडी ऊब. जीवसृष्टीबद्दल लगेच काही बोलायचे कारण नाही, पण या यादीकडे डोळेझाक करता येत नाही.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी नासाने मोहीम संपल्याचे जाहीर केले. हायड्राझीन संपले होते, अँटेना पृथ्वीकडे वळवता येत नव्हता. सेरेसवर पृथ्वीचे जंतू पडू नयेत म्हणून यानाला त्यावर आपटवले नाही. ते दशकानुदशके वर फिरत राहील अशा कक्षेत सोडले आहे.

न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोपासून १२,५०० किलोमीटरवरून गेले. त्याने दाखवलेले नायट्रोजनच्या बर्फाचे मैदान विलक्षण आहे, यात वाद नाही. पण ते साडेनऊ वर्षांचा प्रवास करून काही तासांत पुढे निघून गेले. एरिस, हौमेया, माकेमाके यांच्याजवळ तर कुणीच गेलेले नाही. ग्रह म्हणायचे की बटुग्रह, यावर आपण वीस वर्षे शाई खर्च करतो आहोत. सेरेस आधी लघुग्रह होता, आता बटुग्रह आहे, आणि त्या लेबलाने आपल्याला त्याच्याबद्दल काडीचेही शिकवले नाही. शिकवले ते साडेतीन वर्षांच्या मुक्कामाने. अमेरिकी शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या दशकी आढाव्यात सेरेसवरून माती आणि मीठ आणण्याची मोहीम शिफारशीत आहे. माझ्या मते बटुग्रहांसाठी पैसा काढायचाच असेल तर पहिला हक्क तिचा. प्लुटोकडे पुन्हा जायला दशक लागेल, सेरेस त्यामानाने दारात आहे आणि तिथे उतरणाऱ्या यानाला ओलसर मीठ हाताशी आहे.

सेरेस नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण चांगल्या द्विनेत्रीतून दिसतो. दर सव्वापंधरा महिन्यांनी तो आपल्या आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो, तेव्हा त्याची प्रत सातच्या आसपास असते. वांगणीला किंवा कुठेही आकाशदर्शनाला गेलात तर शनीची कडी बघून झाल्यावर सेरेस दाखवा असे आयोजकांना जरूर सांगा. ताऱ्यांमध्ये तो वेगळा ओळखू येणार नाही. त्यासाठी वहीत आसपासचे तारे काढून ठेवा, आणि दोन रात्रींनी पुन्हा बघा.